काट्यागोट्यांची वाट आणि गाडीचे टायर

वऱ्हाडच्या माणसाला काट्याची ओळख करून द्यायला नको. धुऱ्यावरची बाभूळ, पांदणीतली बोर, पडीत जमिनीवर माजलेली वेडी बाभूळ आणि उन्हाळ्यात उघड्या मातीवर पसरणारा सराटा या मंडळींच्या संगतीतच आपण लहानाचे मोठे झालो. पायात काटा मोडला तर तो सुईने कसा काढावा, हे आपल्याला आईने शिकवले. पण गाडीच्या पायात काटा मोडला, किंवा धारदार दगडाने तिचे पाऊल कापले, म्हणजे काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तसे होऊच नये म्हणून तिला पायताण कोणते घ्यावे, हे मात्र कोणी शिकवले नाही. आज मी त्याविषयी चार गोष्टी सांगणार आहे. मी भूगोलाचा मास्तर. टायरचा कारागीर नव्हे. तरीही हा विषय मी का घेतला, ते आधी सांगतो.

२०१६ च्या डिसेंबरातली गोष्ट. सहा विद्यार्थी घेऊन मी मेळघाटात सिपना नदीच्या खोऱ्याची पाहणी करायला गेलो होतो. जीप माझ्या थोरल्या बंधूंची, अकोटकडच्या शेतावरची. तिला नवे टायर मीच अमरावतीहून घेऊन दिले होते. दुकानात मी काय पाहिले? नक्षी पाहिली. खोल, देखणी, दणकट दिसणारी नक्षी. आणि किंमत पाहिली. दुसरे काही पाहायचे असते, हेच मला ठाऊक नव्हते.

हरिसालच्या आतल्या बाजूला एका लहान पाड्यावर आमचे काम आटोपत आले, तेवढ्यात तिथल्या आशाताई धावत आल्या. एक बाई अडली होती. १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी तर मोबाईलला रेंज नाही. मुलांना तिथेच थांबवले, जीपमध्ये बाईला, तिच्या सासूला आणि आशाताईंना बसवले आणि आम्ही धारणीची वाट धरली. चारेक किलोमीटर गेलो असू. एका नाल्याच्या उतारावर दगडाची धार मागच्या डाव्या टायरच्या बगलेला लागली आणि चार बोटे लांबीची चीर पडली. हवा एका क्षणात गेली. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नाही! निघताना ती तपासायला हवी होती, आणि ते काम माझेच होते.

पुढचा दीड तास मी विसरणार नाही. शेवटी लाकूड वाहणारा एक ट्रॅक्टर आला आणि त्यावरून बाईला पुढे नेले. बाळ आणि बाळंतीण दोघेही वाचले, हे त्यांचे नशीब आणि आशाताईंचे धैर्य. माझे त्यात काही श्रेय नाही. दुसऱ्या दिवशी परतवाड्याच्या एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्या काकांनी ते फाटके टायर उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, “सर, पायताण घेतांना तुमी तळवा पाहता अन् बंदबी पाहता. मंग टायर घेतांना बगल काहून नाई पाहली?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे शिकलो, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम चाकाचाच विचार करू. आपल्या जुन्या बंडीच्या चाकाला तुंबा असतो, आरे असतात, पुठे असतात आणि त्यावर लोखंडाची धाव चढवलेली असते. धाव तापवून लाल करायची, चाकावर ठोकून बसवायची आणि वरून पाणी ओतायचे, की ती आक्रसून घट्ट बसते. या धावेला पंक्चर नाही. पण तिने वाटेला चर पाडले, आणि त्या चरांवरूनच ‘चाकोरी’ हा शब्द आपल्या भाषेत रुजला. शिवाय लोखंडी धाव खडा, दगड, खड्डा यांचा प्रत्येक धक्का जसाच्या तसा बैलाच्या मानेवर आणि माणसाच्या कमरेवर पोचवते. म्हणजे पंक्चर टळते, पण त्याची किंमत दुसरीकडे द्यावी लागते. ही देवाणघेवाण ध्यानात ठेवा, कारण टायरच्या साऱ्या शास्त्रात ती पुनःपुन्हा भेटणार आहे.

चाकाला हवेची गादी लावण्याची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ मध्ये नोंदवली, पण त्या काळी ती चालली नाही. पुढे बेलफास्ट येथे जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचे टायर तयार केले आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तेव्हापासून माणूस हवेवर बसून प्रवास करू लागला. आणि तेव्हापासूनच त्याच्या मागे पंक्चर लागले.

आता टायरची अंगे पाहू. जमिनीला लागतो तो तळ. त्यावर नक्षी असते. तळाच्या दोन्ही कडांना खांदा म्हणू. खांद्यापासून रिंगेपर्यंत जी उभी भिंत, ती बगल. रिंगेत घट्ट बसणाऱ्या कडेत पोलादी तारांचे वेढे असतात. आणि या सगळ्याच्या पोटात, रबराच्या आड लपलेला, सुताचा सांगाडा असतो. हे सूत आज नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असते. टायरची खरी ताकद या सुताच्या थरांत आहे. रबर हे कातडे, सूत हे हाड. आपण दुकानात कातडे पाहून येतो आणि हाडाची चौकशी करत नाही.

या थरांची मांडणी दोन प्रकारची असते. एकीत सूत तिरपे, एकमेकांना छेद देत, खाटेच्या विणीसारखे जाते. याला आडव्या विणीचे टायर म्हणू. यात तळाखाली जितके थर, साधारण तितकेच बगलेतही असतात. म्हणून बगल जाड आणि ताठ असते. दुसरी मांडणी रेडियलची. हिचे पेटंट फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये घेतले. यात सूत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाते आणि तळाखाली पोलादी पट्टे घातलेले असतात. डांबरी रस्त्यावर रेडियल उत्तम. ते कमी तापते, जास्त टिकते आणि पोलादी पट्ट्यांमुळे तळात काटा सहजी शिरत नाही. पण त्याची बगल पातळ आणि लवचिक असते. माझ्या जीपला जे झाले ते यामुळेच. मी हमरस्त्यासाठी केलेले हलके रेडियल घेऊन नाल्यात उतरलो होतो.

याचा अर्थ रेडियल घेऊच नये असा नाही. तुमचा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्याने होत असेल तर रेडियलच घ्या. मात्र मालवाहू गाड्यांसाठी केलेले, जादा थरांचे घ्या. टायरवर ‘आर’ हे अक्षर असले म्हणजे ते रेडियल. बऱ्याच टायरांच्या बगलेवर बारीक अक्षरांत ‘साइडवॉल’ आणि ‘ट्रेड’ या शब्दांपुढे थरांची संख्या छापलेली असते. दुकानात चष्मा लावून ती वाचावी. बगलेत दोन थरांऐवजी तीन असतील, तर दगडाच्या वाटेला तो मोठा आधार. ‘६ पी. आर.’, ‘८ पी. आर.’ असे आकडेही असतात. सुती धाग्याच्या काळात ही थरांची खरी मोजदाद होती. आज धागाच बळकट झाल्यामुळे थर तितके नसतात, आकडा फक्त तितक्या ताकदीची ग्वाही देतो. आकडा मोठा तर टायर दणकट. पण ते जडही असते, ताठही असते, धक्केही जास्त देते आणि इंधनही थोडे जास्त खाते. चाकोरीची देवाणघेवाण पुन्हा आलीच!

आता आपल्या वाटेकडे वळू, कारण टायर निवडायचे म्हणजे वाट ओळखायची. आपल्या भागात टायरचे वैरी चार.

पहिला वैरी काटा. बाभळीचा काटा दोन-अडीच इंचांपर्यंत लांब, सरळ आणि कडक असतो. शेतकरी कुंपणासाठी काट्या ओढून नेतो आणि सगळी पांदण काट्यांनी पेरून ठेवतो. सराट्याचे फळ तर निसर्गाने टायरसाठीच घडवले की काय असे वाटते. ते कसेही पडले तरी एक काटा वर राहतोच. काटा का शिरतो, याचा हिशेब सोपा आहे. सायकलच्या मागच्या चाकावर पंचावन्न किलो भार आहे आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो, म्हणजे पन्नासएक पौंड हवा आहे असे धरा. तर टायर जमिनीला सुमारे सोळा चौरस सेंटिमीटर टेकते. एवढ्या जागेवर भार वाटला गेला म्हणजे कोणालाच इजा नाही. पण काट्याचे टोक चौरस मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे धरले आणि त्यावर नुसता दोन किलो भार आला, तरी त्या जागी दर चौरस सेंटिमीटरला दोन हजार किलोंचा दाब होतो! काट्यापुढे रबर मऊ आहे की कठीण याला फार महत्त्व उरत नाही. महत्त्व उरते ते जाडीला. काट्याच्या लांबीपेक्षा तळाचा थर जाड असेल तर काटा रुतून बसतो, आत पोचत नाही.

दुसरा वैरी दगड, आणि तो दोन जातींचा आहे. आपला सारा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरांवर थर बसून हा बेसॉल्ट तयार झाला. गाविलगडचे डोंगर, नरनाळ्याचा कडा, पातूरचा घाट, सगळे त्याचेच. हा खडक नव्याने फुटला की त्याच्या कडा सुरीसारख्या निघतात. त्याच्या पोकळ्यांत गारगोट्या असतात, त्या फुटल्या तर आणखी धारदार. रस्त्यावर नवी गिट्टी पसरलेली असते तेव्हा हाच धोका असतो. याउलट सिपना, खापरा, शहानूर या नद्यांच्या पात्रांतले गोटे पाण्याने घासून गुळगुळीत झालेले असतात. ते कापत नाहीत. पण दोन गोट्यांच्या फटीत चाक अडकले की बगल चिरडली जाते. पहिल्या जातीच्या दगडाला जाड तळ आणि खांदा हवा, दुसऱ्या जातीला जाड बगल हवी.

तिसरा वैरी धसकट. कपाशी निघाली, पऱ्हाटी कापली, तूर कापली, की शेतात धसकटे राहतात. विळा तिरपा चालतो, त्यामुळे प्रत्येक धसकट भाल्याच्या फाळासारखे होते आणि वाळल्यावर दगडासारखे टणक होते. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरांचे सर्वांत मोठे नुकसान यातच होते. जंगलात हेच काम तोडलेल्या बांबूची आणि झुडपांची खुंटे करतात. कापणी शक्य तितकी जमिनीलगत करावी, आणि ट्रॅक्टरची चाके तासाच्या मधून न्यावीत, धसकटांवरून नेऊ नयेत.

चौथा वैरी पाणी. याचे तुम्हाला नवल वाटेल. पण ओले रबर कोरड्या रबरापेक्षा फार सहज कापते, कारण पाणी धारेला वंगणासारखे काम करते. पंक्चरवाल्याला विचारा, पावसाळ्यात त्याचा धंदा का वाढतो ते! त्यात आपली काळी माती. ती ओली झाली की फुगते, चिकटते, नक्षीच्या खाचा भरून टाकते, आणि मातीतला काटा टायरला बांधूनच ठेवते. चिखलातून बाहेर आल्यावर नक्षी काडीने साफ करावी, ती यासाठी.

आता नक्षी. मऊ चिखलासाठी उंच आणि विरळ गोळ्यांची नक्षी चांगली, कारण चाक फिरताना माती झटकली जाते. पण दगडावर विरळ नक्षीत अडचण अशी की गोळ्यांच्या मधला तळ पातळ असतो आणि टोकदार दगड नेमका तिथे शिरतो. म्हणून दगडाळ वाटेला मध्यम खोलीची, जवळजवळ बसवलेल्या जाड गोळ्यांची नक्षी घ्यावी, आणि ती खांद्यावरून बगलेवर थोडी उतरलेली असावी. ते उतरलेले गोळे बगलेचे चिलखत असते. तुमच्या वाटेत सहा महिने चिखल आणि सहा महिने दगड असतील तर दोन्हींतली मधली निवड करावी लागते. सर्वांना पुरणारे एकच टायर अजून कोणी केलेले नाही.

मापाचेही शास्त्र आहे. एखाद्या जीपवर ‘२१५/७५ आर १५’ असे लिहिलेले असते. २१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि तिच्या शेकडा ७५, म्हणजे १६१ मिलिमीटर, ही बगलेची उंची. शहरी मोटारीच्या ‘१८५/६० आर १५’ मध्ये ही उंची भरते १११ मिलिमीटर. बगल जितकी उंच तितका दगड आणि रिंग यांत हवेचा गादा जाड. आजकाल मोठ्या रिंगेची आणि अरुंद बगलेची टायर शोभेसाठी घालतात. ती गुळगुळीत रस्त्यावर शोभतात. चिखलदऱ्याच्या आतल्या वाटांवर ती रिंगेसकट वाकतात.

या संदर्भात परदेशातल्या एका वाहनाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जिला ‘ए. टी. व्ही.’ म्हणतात, ती फुगीर चाकांची उघडी गाडी खडकाळ आणि दलदलीच्या वाटांसाठी असते. जपानच्या होंडा कंपनीने १९७० मध्ये तीन चाकांची अशी गाडी बाजारात आणली. पुढे ती चार चाकांची झाली. आपल्याकडेही काही सहलीच्या ठिकाणी आणि मोठ्या फार्मांवर ती दिसते. तिच्या टायरमध्ये हवा किती असते? बहुधा फक्त पाच-सहा पौंड! गाडी आणि स्वार मिळून एका चाकावर पंचाण्णव किलो भार धरला, तर टायर अदमासे पावणेतीनशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या दोन पंजांएवढी जागा व्यापते. असे मऊ टायर दगडावर आपटत नाही, दगडाला पोटात घेते. पण इतकी कमी हवा झेपायची तर बगल स्वतःच ताकदवान हवी. म्हणून खडकाळ वाटेसाठी त्या गाडीला साधे दोन थरांच्या ताकदीचे टायर न घेता सहा किंवा आठ थरांच्या ताकदीचे घेतात. ‘२५ × ८ - १२’ असे माप असेल तर टायर पंचवीस इंच उंच, आठ इंच रुंद आणि रिंग बारा इंचांची. म्हणजे बगल साडेसहा इंच. तत्त्व तेच, आपल्या जीपचे.

मात्र एक बजावतो. कोणतीही गाडी असो, मेळघाटात वाट सोडून ती घालू नये. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे प्रवेशाचे नियम आहेत. टायर कितीही मजबूत असले तरी ते नियम मोडण्याचा परवाना नव्हे.

आता ट्यूब आणि ट्यूबलेस. ट्यूबच्या टायरमध्ये काटा शिरला की ट्यूब फाटते आणि हवा झपाट्याने जाते. ट्यूबलेसमध्ये आतल्या अस्तराचे रबर काट्याला धरून बसते, हवा हळूहळू जाते आणि आपण पुढच्या गावापर्यंत पोचतो. म्हणून काट्यांच्या वाटेवर ट्यूबलेस चांगले, आणि काटा लगेच उपटू नये. आधी हवा भरून घ्यावी, दुरुस्तीचे साहित्य हाताशी ठेवावे, मग उपटावा. चिकट पट्टी आत सारून तळाचे भोक पाच-दहा मिनिटांत बुजते. पण बगलेची चीर अशी बुजत नाही. तिथे पट्टी घालून लांबचा प्रवास करणे म्हणजे जिवाशी खेळ. आणखी एक. दगडावर आपटून लोखंडी रिंगेची कड वाकली तर ट्यूबलेसची हवा कडेने गळते. तारांच्या आऱ्यांची चाके बहुधा ट्यूबचीच असतात, त्यांना जाड ट्यूब घालावी.

टायरमध्ये घालायचे द्रवही मिळते. त्यात रबराचे आणि धाग्यांचे सूक्ष्म कण असतात. भोकातून हवा निसटू लागली की ते तिथे जाऊन साचतात आणि बूच बसते. बाभळीच्या किंवा सराट्याच्या काट्याला हा उपाय खरोखर चांगला आहे. दगडाच्या चिरेला तो निरुपयोगी. कोणी विचारील, मग हवाच नको, भरीव टायर घालावे. पंक्चर जाईल, पण वजन वाढेल, धक्के वाढतील, वेगात ते तापेल. २००५ मध्ये मिशलँने रबरी-प्लास्टिक आऱ्यांचे बिनहवेचे चाक दाखवले आणि काही संथ कामाच्या यंत्रांना तसली चाके बसतातही. आपल्या रोजच्या गाड्यांना अजून हवेवाचून चालत नाही.

सायकलवाल्यांसाठीही दोन शब्द, कारण खेड्यातल्या कितीतरी मुली आजही सायकलनेच शाळेत येतात. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये जुन्या ट्यूबची सोललेली पट्टी सारखी अंथरावी. आठवड्यातून एकदा चाक हळू फिरवत टायर नजरेखालून घालावे आणि रुतलेले काटे चिमट्याने काढावे. पुष्कळ काटे पहिल्या दिवशी पंक्चर करीत नाहीत. ते रोज थोडे थोडे आत सरकतात. आणि पंक्चर काढल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवावा. जुना काटा तिथेच राहिला तर दुरुस्ती फुकट.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, हवा. परतवाड्याच्या काकांचे दुसरे वाक्य असे होते: “काट्यानं टायर एक डाव मरते, कमी हवेनं रोज मरते.” हवा फार कमी असेल तर दगडावर टायर इतके दबते की ट्यूब रिंग आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते. शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, सापाच्या दंशासारख्या. अशा दोन चिरा दिसल्या की समजावे, दोष काट्याचा नाही, आपल्या हवेचा आहे. हवा फार जास्त असेल तर टायर फुगून ताठ होते, दगडाला अंगात घेत नाही, आणि कापले जाते.

मग किती ठेवावी? गाडीच्या दारावर किंवा पुस्तकात दिलेली. वाट फार दगडाळ असेल आणि गाडी हलकी असेल, तर जीपला तीसऐवजी चोवीस-पंचवीस पौंड हवा ठेवून सावकाश जावे, आणि डांबरी रस्ता लागताच पुन्हा पूर्ण भरावी. भरलेल्या गाडीची हवा मात्र कमी करू नये. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना मोजावी. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यात चालताना टायर आणखी तापते. सत्तावीस अंशांवर तीस पौंड भरलेली हवा सत्तावन्न अंशांवर सुमारे साडेचौतीस पौंड दाखवते. हे पाहून पुष्कळ जण दुपारी हवा सोडून देतात. संध्याकाळी टायर निवते आणि हवा कमी पडते.

चालवण्याचाही भाग आहेच. दगड टाळता येत नसेल तर त्यावर टायरचा तळ चढवावा, बगल घासू देऊ नये, कारण तळ जाड असतो. चाक जागच्या जागी गरगर फिरू देऊ नये. नाल्यात उतरण्यापूर्वी खाली उतरून वाट पायी पाहावी. पाच मिनिटे जातात, पण दीड तास वाचतो. हे मी अनुभवाने सांगतो.

टायर घेताना त्याचे वयही पाहावे. बगलेवर लहानशा चौकटीत चार आकडे असतात. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले. दुकानात पडून राहिलेले रबरही म्हातारे होते आणि त्याला भेगा पडतात. मोटारीच्या टायरच्या खाचेत झिजेची खूण असते. नक्षी तिथवर, म्हणजे १·६ मिलिमीटरवर आली की टायर बदलावेच लागते. पण आपल्या दगडांच्या वाटेवर त्या खुणेची वाट पाहू नये. टायर गोटा व्हायला लागले की काट्याला आत शिरायला अंतरच उरत नाही.

श्रोतेहो, सारांश एवढाच. आधी वाट ओळखा, मग टायर घ्या. काट्याला जाड तळ, दगडाला जाड बगल. नक्षी शेवटी पाहा, थर आधी वाचा. हवा सकाळी मोजा. आणि गाडीत चार वस्तू ठेवा: हवेचा पंप, हवा मोजायचे यंत्र, पंक्चरचे साहित्य, आणि हवा भरलेली स्टेपनी.

आता कोठेही निघताना मी आधी वाकून स्टेपनीवर अंगठा दाबून पाहतो आणि मग दाबमापक लावतो. विद्यार्थी हसतात. हसू देत. परतवाड्यापासून धारणीपर्यंतच्या वाटेवर, बिहाली, घटांग, सेमाडोह, हरिसाल या गावांच्या आत जे लहान लहान पाडे आहेत, तिथल्या माणसाला दवाखान्यात न्यायला बहुधा एकच गाडी असते, कधी जीप, कधी ट्रॅक्टर, कधी मोटारसायकल. त्या गाडीचे टायर कोणीतरी शहरात बसून निवडलेले असते. ते निवडणारा तुमच्यापैकी कोणी असेल, तर दुकानात थोडे वाकून त्याची बगल पाहा.